शेजारणीने ओळखलं तर ब्लर फुकट: फोटोतले चेहरे नीट झाकण्याची रीत

चेहरा कोणापासून लपवायचा, ते आधी ठरवा. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली बाई पुण्यातल्या वाचकाला उघड्या चेहऱ्यानेही ओळखू येणार नाही. तिला ओळखणार तो कारखान्यावर विड्या मोजून घेणारा माणूस, घरमालक, सासू, नाहीतर समोरच्या दारातली शेजारीण. आणि या मंडळींना चेहऱ्याची फारशी गरज नसते. साडीचा काठ, पाटावर बसायची ढब, हातावरचं गोंदण, मागच्या भिंतीचा पोपटी रंग, मांडीवरचं पोर, एवढ्यावर त्यांचं भागतं. म्हणून चेहऱ्यावर धूसर गोळा ओढला की काम झालं असं समजू नका. खाली दिलेली रीत संस्थांचे कार्यकर्ते, शिक्षक, अंगणवाडी सेविका, स्थानिक वार्ताहर आणि कार्यक्रमाचे फोटो टाकणारे हौशी छायाचित्रकार यांच्यासाठी आहे. लागतो तो साधा स्मार्टफोन, आणि जमलं तर एक जुना संगणक.

सगळेच चेहरे झाकायचे नसतात, हेही लगेच सांगून टाकू. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी पेलणाऱ्या मानकऱ्याचा चेहरा झाकणं म्हणजे त्याचा मान झाकणं. पण त्याच यात्रेच्या होम मैदानावर हरवलेलं आणि मदत केंद्रात रडत बसलेलं पोर, दारूबंदीच्या मोर्चात मागच्या रांगेत उभी असलेली बाई, मजुरी थकल्याचं सांगणारा यंत्रमाग कामगार, एचआयव्हीच्या तपासणी शिबिरातली रांग, हे फोटो झाकल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे विचारणं. सोलापुरात तो प्रश्न मराठीत विचारून पुरत नाही. तेलुगू किंवा कन्नड बोलणारी एखादी बाई सोबत असू द्या. "फोटो काढू का?" हा प्रश्न अपुरा आहे. "हा फोटो तुमच्या मालकाच्या मोबाइलवर आला तर चालेल का?" असं विचारा. मान हलवायला लागणारा वेळच बरंच काही सांगून जातो.

फोटो काढतानाच निम्मं काम

झाकावा लागणार नाही असा फोटो काढता आला, तर पुढची सगळी कटकट वाचते. विडी कामाचा फोटो हवा असेल तर सुपावर जा: तेंदूपान, कात्री, तंबाखू, दोरा आणि बोटं. हातावर गोंदण असेल किंवा नावाची अंगठी असेल, तर कोन बदला. यंत्रमागाच्या शेडमध्ये कामगाराला खिडकीसमोर पाठमोरं उभं करा आणि फोनच्या पडद्यावर खिडकीच्या उजेडावर बोट टेकवा. उजेड खिडकीचा धरला जातो आणि माणूस काळा पडतो. ही काळी आकृती मात्र पूर्ण काळी आहे ना, ते तपासा. फोनचा एचडीआर सावलीतला तपशील वर काढतो, आणि कोणीही फोटोचा उजळपणा वाढवला तर चेहरा परत दिसू शकतो. शक्य असेल तर एचडीआर बंद करा. नाहीतर नंतर ती आकृती काळ्या रंगानेच भरा.

आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेवर आंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो दरवर्षी फिरतात. ते ब्लर कसे करायचे हा प्रश्नच चुकीचा आहे. ते काढूच नका.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थान नोंदवणं बंद करा. सॅमसंगमध्ये त्याला 'लोकेशन टॅग्ज' म्हणतात, आयफोनमध्ये ते 'प्रायव्हसी'खालच्या 'लोकेशन सर्व्हिसेस'मध्ये कॅमेऱ्याच्या नावापुढे असतं. मोशन फोटो किंवा लाइव्ह फोटोही बंद. का, ते पुढे येईल.

किती ब्लर म्हणजे पुरेसा

इथे बहुतेकांचं चुकतं. ब्लर करताना संगणक प्रत्येक बिंदूला त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी देतो. माहिती पुसली जात नाही, पसरली जाते. चौकटींचा मोझॅक केला तरी तेच. प्रत्येक चौकटीत तिथल्या मूळ रंगांची सरासरी शिल्लक असते. १९७३ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेच्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनचा चेहरा मोजक्या करड्या चौकटींत मांडून दाखवला होता. जवळून बघितलं की नुसत्या फरश्या, लांबून डोळे किलकिले करून बघितलं की लिंकन. तुमच्या ब्लरचंही हेच होतं. संगणकावर मोठा करून बघताना काही कळत नाही आणि व्हॉट्सॲपच्या यादीत अंगठ्याएवढा छोटा दिसला की चेहरा उमटतो.

म्हणून आकडे लक्षात ठेवा. मोझॅक करायचा तर चेहऱ्याच्या रुंदीत सहापेक्षा जास्त चौकटी येऊ देऊ नका. चेहरा ४८० पिक्सेल रुंद असेल तर एक चौकट ८० पिक्सेलची. गिंप या संगणकावरच्या फोटो-प्रोग्रॅममध्ये मोझॅकचं साधन, म्हणजे पिक्सलाइझ उघडलं की चौकट १६ पिक्सेलची येते. तेवढ्यावर 'ओके' दाबलं तर रुंदीत ३० चौकटी राहतात, आणि ३० चौकटींत घरचं माणूस सहज ओळखू येतं. गाउसियन ब्लर वापरायचा तर त्रिज्या चेहऱ्याच्या रुंदीच्या निदान पाव भाग, म्हणजे इथे १२० पिक्सेल. फोटो जितका मोठा तितका आकडा मोठा. कोणीतरी सांगितलेला '२० ठेवा' हा आकडा ८०० पिक्सेलच्या फोटोला कदाचित चालेल, ४००० पिक्सेलच्या फोटोवर तो चेहरा फक्त गुळगुळीत करून दाखवेल.

आता जरा अवघड गोष्ट. "एआय ब्लर काढून मूळ चेहरा आणतो" असं म्हणतात ते जसंच्या तसं खरं नाही. ती साधनं बहुतेक वेळा अंदाजाने कोणाचा तरी चेहरा रचतात. खरा धोका वेगळा आहे. समजा, एका कारखान्यात ४० बाया आहेत आणि मालकाकडे चाळिसांचेही ओळखपत्राचे फोटो आहेत. त्या ४० फोटोंना तसाच मोझॅक लावायचा आणि तुमच्या फोटोशी कोणता जुळतो ते बघायचं. चेहरा परत मिळवायची गरजच नाही, चाळिसांतून एक निवडला की झालं. २०१६ मध्ये ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक इथल्या संशोधकांनी साध्या न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला) असे झाकलेले चेहरे ओळखायला शिकवून दाखवलं. यादी जितकी छोटी, तितकं हे सोपं. आणि आपल्याकडे याद्या छोट्याच असतात: एक शेड, एक गल्ली, एक वर्ग.

भोवऱ्यासारखा पिळून विद्रूप केलेला चेहरा तर अजिबात वापरू नका. २००७ मध्ये इंटरपोलने शोधलेल्या एका गुन्हेगाराने आपले फोटो असेच पिळून टाकले होते. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी पीळ उलटा फिरवला आणि चेहरा समोर आला. त्या प्रकरणात ते चांगलंच झालं. तुमच्या फोटोतल्या बाईच्या बाबतीत होणार नाही.

या सगळ्यावर तोडगा एकच आणि तो स्वस्त आहे: आधी रंगाने भरा, मग वाटलं तर ब्लर करा. चेहऱ्याच्या जागी एकरंगी ठिपका भरला की मूळ बिंदू उरतच नाहीत. वरून ब्लर केला तर तो त्या रंगाचा होतो, चेहऱ्याचा नाही. काळा गोल वर्तमानपत्री आणि गुन्हेगारासारखा दिसतो, ही तक्रार रास्त आहे. म्हणून कपड्याच्या किंवा मागच्या भिंतीच्या जवळचा रंग घ्या. डोळ्यांवरची काळी पट्टी हा प्रकार तर सोडूनच द्या. नाक, ओठ, हनुवटी, कान, केसांचा भांग उघडा ठेवून लपवलं काय?

फोनवर

घाईच्या वेळी सिग्नल हे व्हॉट्सॲपसारखं निरोपांचं ॲप सगळ्यांत कामाचं. चेहरे झाकायची सोय त्यात जून २०२० पासून आहे, आणि ते काम फोनमध्येच होतं, फोटो कुठे पाठवला जात नाही. सिग्नलमध्ये 'नोट टू सेल्फ' उघडा, फोटो जोडा, फोटो बदलायच्या साधनांतून ब्लरचं चिन्ह दाबा आणि चेहरे आपोआप ब्लर करायचं बटण चालू करा. राहिलेले चेहरे बोटाने घासा. मग फोटो जतन करा. थेट पाठवायचा असेल तर तसाच पाठवा.

आपोआप शोध कुठे चुकतो ते माहीत असलं की डोळे तिथेच जातात. मान खाली घालून विड्या वळणारी बाई त्याला चेहरा वाटत नाही. डोक्यावरून पदर, तोंडाला बांधलेला स्कार्फ, एका बाजूने दिसणारं तोंड, मागच्या रांगेतली छोटी पोरं, अंधाऱ्या शेडमधला कामगार, हे सगळे सुटतात. उलट फ्लेक्सवरचे नेते, कॅलेंडरवरचे देव आणि भिंतीवरचे हार घातलेले फोटो मात्र इमानदारीने ब्लर होतात. त्यामुळे आपोआप झाल्यावर फोटो दोन बोटांनी मोठा करायचा आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पेरणीच्या तासांसारखा एकेक पट्टा तपासायचा. पन्नास माणसांच्या फोटोला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर तो फोटो टाकू नका.

सिग्नलचा ब्लर दिसायला छान आहे, पण तो ब्लरच आहे. जिथे नोकरी जाण्याचा किंवा मार खाण्याचा धोका आहे, तिथे त्याच ॲपमधलं पेन घ्या, जाडी पूर्ण वाढवा आणि चेहरा रंगवून टाका. पेन आणि हायलायटर यांत गल्लत नको. हायलायटरचा रंग अर्धपारदर्शक असतो. काळ्या हायलायटरने तीन वेळा घासलं की डोळ्यांना ठार काळं दिसतं, पण एक्सपोजर आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवल्यावर खालचं बाहेर येतं. आयफोनच्या मार्कअपमध्ये ही चूक फार होते. तिथे अधिकच्या खुणेतून गोल आकार घ्या, तो आतून भरलेला निवडा आणि चेहऱ्यावर ताणून बसवा.

आयफोन, गूगल फोटोज आणि सॅमसंगची गॅलरी, तिघांतही बदल केलेला फोटो 'मूळ स्थितीत' परत नेता येतो. तुमच्या फोनवर ही सोय, दुसऱ्याच्या हातात गेल्यावर घात. आयफोनवरून एअरड्रॉपने पाठवताना 'ऑल फोटोज डेटा' चालू असेल तर मूळ फोटोही सोबत जातो. सवय अशी लावा: झाकून झालं की फोटो पूर्ण पडद्यावर उघडा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच बाहेर द्या. दर्जा थोडा कमी होतो. छपाईला मोठा फोटो लागणार असेल तर संगणकावर करा. स्क्रीनशॉट कापण्यातही एक जुनी मेख आहे. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये कापलेला भाग मागे राहत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी टाकलेल्या फाइली अजून फिरत असतील.

'फुकट ब्लर करून देतो' म्हणणाऱ्या वेबसाइटवर फोटो चढवू नका. न झाकलेला फोटो अनोळखी माणसाच्या संगणकावर ठेवून झाकलेला परत घ्यायचा, हा व्यवहार कोणत्या हिशोबाने परवडतो?

संगणकावर: गिंप

गिंप मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. क्रम असा:

१. मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतच उघडा.

२. लंबगोल निवडीचं साधन घ्या. हनुवटीपासून केसांच्या वरपर्यंत आणि दोन्ही कानांच्या बाहेरपर्यंत गोल ओढा. साधनाच्या खिडकीत त्याची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये दिसते. तो आकडा लिहून ठेवा. दुसरा चेहरा जोडायला शिफ्ट दाबून ओढा.

३. कड मऊ करायचा मोह होतो. फेदर वापरलात तर कडेचे बिंदू अर्धे मूळचे राहतात आणि कान, कानातले, केसांची रेघ त्यातून ओळखू येते. मऊ कड हवीच असेल तर गोल चेहऱ्यापेक्षा पाव भागाने मोठा घ्या.

४. रंग उचलायच्या साधनाने मागच्या भिंतीचा रंग घ्या आणि 'एडिट' मेनूतून निवड त्या रंगाने भरा.

५. दिसायला नैसर्गिक हवं असेल तर निवड थोडी मोठी करून गाउसियन ब्लर द्या. आता त्रिज्या किती हा प्रश्न फक्त सौंदर्याचा उरला.

६. 'इमेज' मेनूतून फ्लॅटन करा, म्हणजे सगळे थर एक होतील. नंतर 'सेव्ह' नको, 'एक्स्पोर्ट ॲज' घ्या आणि जेपीजी निवडा, दर्जा ८५. त्याच खिडकीत एक्झिफ, एक्सएमपी आणि थंबनेल (फाइलमध्ये दडलेल्या नोंदी आणि छोटं चित्र, त्याबद्दल पुढे) जतन करायच्या खुणा असतात, सगळ्या काढा.

गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल कोणालाही देऊ नका. थर वेगळे ठेवले असतील तर वरचा थर बंद केला की खालचा चेहरा जसाच्या तसा असतो.

हाच घोळ अहवालांत होतो, आणि संस्थांच्या कामात तो सर्वांत जास्त दिसतो. फोटो वर्डमध्ये टाकायचा, त्यावर काळा गोल ठेवायचा, फाइल मेल करायची. समोरचा माणूस तो गोल माउसने बाजूला सरकवतो. वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमध्येच असतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन कापलेले भाग काढून टाकायला सांगावं लागतं. झाकायचं ते वर्डच्या बाहेर, फोटोतच झाका, आणि मग आत टाका.

चेहऱ्याव्यतिरिक्त

चेहरे झाकून झाले की फोटोकडे शेजारणीच्या नजरेने बघा.

अंगावर: कपाळावरचं आणि हातावरचं गोंदण, मंगळसूत्राची घडण, चष्म्याची फ्रेम, चालताना लागणारी काठी, जळल्याची खूण. मुलांच्या अंगावर गणवेश, टाय, पट्ट्याचं बक्कल, गळ्यातलं ओळखपत्र. सोलापुरात शाळा ओळखायला गणवेशाचा रंग पुरतो. बाराबंदीत सगळेच पांढरे, ही एक सवलत. पण फोटोखालच्या ओळीत "तिसऱ्या नंदीध्वजाजवळ" असं लिहिलंत की ती संपली, कारण प्रत्येक काठीचे मानकरी ठरलेले आहेत.

मागे: दुकानाची पाटी, घर क्रमांक, मीटरचा नंबर, रिक्षावर रंगवलेलं नाव, 'एमएच १३' ने सुरू होणारी नंबरप्लेट, कारखान्याच्या नावाचा टेम्पो, मागावर चढलेल्या चादरीचं नक्षीकाम. शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण ती नक्षी कोणत्या शेडमध्ये चालू आहे हे धंद्यातल्या माणसाला कळतं. स्टीलचं पिंप, कपाटाचा आरसा, बंद टीव्हीचा काळा पडदा आणि मोटारसायकलची टाकी यांत प्रतिबिंब बघा; अनेकदा पाठमोऱ्या बाईचा चेहरा समोरच्या आरशात असतो.

कागद: विडी कामगाराचं ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, औषधाची चिठ्ठी, बँकेचं पासबुक. अक्षरांना आणि आकड्यांना मोझॅक कधीच लावू नका. चेहरे असंख्य, आकडे दहाच. प्रत्येक आकड्याचा मोझॅक कसा दिसतो ते करून बघितलं की जुळवाजुळव सोपी होते; २०२० मध्ये अशी जुळणी करणारं एक मोफत साधनही आलं. आकडे ठार रंगाने भरा, आणि क्रमांक किती अंकी आहे तेही कळू नये म्हणून पूर्ण ओळ झाका. आधार जोडायचंच असेल तर फक्त शेवटचे ४ अंक दाखवणारं मास्क्ड आधार घ्या.

फोटोखालची ओळ: "विडी घरकुलातील ३४ वर्षांची विधवा, दोन मुली, नवरा यंत्रमागावर होता" ही ओळ कोणत्याही चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आहे. वय दशकात सांगा, वस्तीऐवजी 'शहराच्या पूर्व भागात' म्हणा, मुलींची संख्या गाळा. नाव बदललं असेल तर तसं लिहा, आणि बदललेलं नाव त्याच गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचं निघणार नाही ना, ते बघा.

आणि दुसरा फोटो. तुम्ही काळजीने झाकलेला फोटो टाकता आणि त्याच सभेचा न झाकलेला रील कोणीतरी संध्याकाळी टाकतो. साड्या त्याच, बसण्याची जागा तीच. दोन्ही शेजारी ठेवले की कोडं सुटलं. सभेच्या सुरुवातीलाच सांगा: फोटो एकाच माणसाने काढायचे. बाकीचे मोबाइल पिशवीत.

फाइलच्या पोटात

फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवाय एक्झिफ नावाची नोंद असते: दिवस, वेळ, फोनचं मॉडेल आणि स्थान चालू असेल तर अक्षांश-रेखांश. घराच्या अंगणात काढलेला फोटो नकाशावर त्या घरावर खूण करतो. काही फाइलींत छोटं थंबनेलही दडलेलं असतं, आणि एखाद्या साधनाने ते नव्याने बनवलं नाही तर मोठा फोटो झाकलेला आणि छोटा उघडा असा प्रकार होतो. मोशन फोटोत तर फोटोच्या मागे काही सेकंदांचा व्हिडिओच चिकटलेला असतो. झाकता तुम्ही चित्र, व्हिडिओत बाई मान वर करून बघते.

व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर ही नोंद गळून पडते. दर्जा टिकावा म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, स्थानासकट. वार्ताहर मंडळी हेच मागतात: "डॉक्युमेंट करून टाका." टाका, पण आधी नोंद पुसून. विंडोजमध्ये फाइलवर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स' आणि खालची खासगी माहिती काढून टाकण्याची ओळ. सिग्नलने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद आधीच काढलेली असते.

फाइलचं नावही बघा. नाव, गाव आणि आजार अधोरेषांनी जोडून नाव दिलेली फाइल मेलला जोडलेली सर्रास दिसते. तारीख आणि अनुक्रमांक पुरे. नावांची यादी हवी असेल तर वहीत ठेवा, आणि ती वही कपाटात.

मूळ फोटो कुठे कुठे आहे ते मोजा: फोन, गूगल फोटोजचा बॅकअप, व्हॉट्सॲपचं फोल्डर, 'फोटो निवडा' म्हणून ज्या गटात टाकले तो गट, आणि कचरापेटी. निवड करायला न झाकलेले पस्तीस फोटो वीस जणांच्या गटात टाकणं आणि मग एक झाकून छापणं, यात झाकण्याचा काय उपयोग झाला?

व्हिडिओ

थोडक्यात: होईल तो टाळा. ३० सेकंदांच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशोबाने ९०० फोटो असतात, आणि त्यातली एक चौकट उघडी राहिली की कोणीही तिथे थांबवून स्क्रीनशॉट घेतो. केडेनलाइव्ह या मोफत प्रोग्रॅममध्ये हलत्या चेहऱ्याच्या मागे जाणारं मोशन ट्रॅकर आहे. त्यात ब्लरऐवजी अपारदर्शक रंग निवडा. कोणी मध्येच आडवं गेलं की, डोकं वळलं की, उजेड बदलला की ट्रॅकर सुटतो. त्या जागा बाणाच्या कळीने चौकट-चौकट तपासा. यूट्यूब स्टुडिओतही चेहरे ब्लर करता येतात, मात्र त्यासाठी उघडा व्हिडिओ आधी चढवावा लागतो. चढवताना तो 'प्रायव्हेट' ठेवा. आणि आवाज विसरू नका. गल्लीत आवाजाला चेहऱ्याइतकीच ओळख असते. बाईचं म्हणणं दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

कायदा कुठे सक्ती करतो

काही ठिकाणी झाकणं ऐच्छिक नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करायला २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं. त्यात फोटोबरोबर नाव, पत्ता, कुटुंब, शाळा आणि परिसरही येतो. म्हणजे चेहरा झाकून शाळेची पाटी दाखवली तरी गुन्हा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली बालगृहातली, कायद्याशी संघर्षात आलेली आणि साक्षीदार असलेली मुलंही येतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. ती हयात नसली तरी तिची ओळख सहज उघड करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सांगितलं. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा संमतीशिवाय स्थिती उघड करू देत नाही. त्यामुळे शिबिराच्या फलकासमोर रांगेचा फोटो घेणं टाळाच, चेहरे झाकलेले असले तरी.

बाहेर पाठवण्याआधी, आणि निसटला तर

फोटो जिचा आहे तिलाच फोनवर दाखवा. "छान आलाय का?" असं नको, "तुमच्या सासूबाई ओळखतील का?" असं विचारा. बाया साडीकडे बोट दाखवतात, "ही दिवाळीची आहे, सगळ्यांनी बघितलीय." मग साडीचाही रंग बदलायचा किंवा फोटो गळ्यापाशी कापायचा. हे काम गिंपमध्ये दोन मिनिटांचं आहे.

उघडा फोटो बाहेर गेलाच, तर आधी तिला कळवा, मग बाकीचं. तिला घरी आणि कामावर काय सांगायचं ते ठरवायला वेळ मिळतो. तुम्ही आधी फोटो काढून टाकण्यात तासभर घालवलात तर तो तास तिचा जातो. नंतर गटातला फोटो 'सर्वांसाठी' पुसा, पण ज्यांच्या फोनवर तो आपोआप उतरला आहे त्यांच्या गॅलरीत तो राहू शकतो. गटात "डिलीट करा" असं ओरडण्यापेक्षा एकेकाला फोन करा, कारण ओरडलं की न बघितलेलेही उघडून बघतात. फेसबुकवर फोटो बदलू नका, पूर्ण पोस्टच काढा. आणि लगेच झाकलेला फोटो त्याच ओळीसह परत टाकू नका. ज्यांनी सकाळचा उघडा बघितलाय, त्यांना तो झाकलेला फोटो कोणाचा आहे हे कळायला काहीच लागत नाही.